मामांनी ऐकलेली भिंत

माझं काम ऐकण्याचं. लोकांनी रेकॉर्ड केलेली व्याख्यानं, मुलाखती माझ्याकडे येतात, त्या ऐकून मी मराठीत टाइप करून देते. हेडफोन लावून लावून कान दुखायला लागले, तेव्हा डॉक्टरांनी ते बंद करायला सांगितलं. म्हणून टेबलावर दोन लहान स्पीकर आणून ठेवले. काही महिने ते बरे चालले. मग उन्हाळ्याच्या तोंडाला त्यातून घूं घूं असा आवाज यायला लागला. एखादी म्हातारी बाई मुलाखतीत हळू बोलायला लागली की त्या घुमण्याखाली तिची वाक्यंच्या वाक्यं बुडून जायची.

वायर बदलून पाहिली, स्पीकर टेबलावरच ठेवून प्लग लांब वायरीने दुसऱ्या खोलीतल्या बोर्डाला लावून पाहिला. कॉम्प्युटरऐवजी मोबाइल जोडला, तरी तेच. शेवटी पिशवीत घालून स्पीकर दुकानात नेले. दुकानदाराने लावले तर आवाज अगदी स्वच्छ. "ताई, यात काही नाही. तुमच्या घरात बघा काहीतरी," तो म्हणाला. घरात बघा म्हणजे कुठे बघायचं, हे त्यालाही सांगता येईना.

आमच्या घरी माझे सासरे असतात. त्यांना मी मामा म्हणते. ते मैंदर्गीकडचे. तरुणपणी शहरात आले आणि टॉवेलच्या कारखान्यात मागावर उभे राहिले ते थेट म्हातारपणापर्यंत. त्या खडखडाटात कान गेले. नुकतंच त्यांना कानामागे बसणारं मशीन घेतलं होतं. त्याला एक बारीक बटण होतं. ते कशासाठी, हे आम्ही कोणी विचारलं नव्हतं.

त्या दुपारी मी वैतागून स्पीकरचा प्लगच काढून ठेवला होता. मामा माझ्या टेबलाशेजारच्या खुर्चीत बसले होते. टोपी काढून डोकं पुसलं, टोपी परत घातली आणि थोड्या वेळाने म्हणाले, "बंद कर की ते. किती येळ घूं घूं लावलंय."

"मामा, स्पीकर बंदच आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुजं तोंड हालतंय, पर आवाज न्हाय येत."

मी काढलेला प्लग उचलून त्यांना दाखवला. मामा त्या प्लगकडे बघत राहिले. "मग ह्ये काय वाजतंय?"

टोपी परत घालताना मशीनचं ते बटण दाबलं गेलं होतं, हे मला पुढे कळलं. त्या क्षणी मात्र मी स्पीकरला कान लावून पाहिला. खोलीत कसलाच आवाज नव्हता, आणि ज्यांना ऐकू येत नाही ते एकटेच ऐकत होते.

मामा उठले. मान तिरकी करून भिंतीजवळ गेले. "हितं जास्त हाय." भिंतीला धरून सरकत ते माझ्या टेबलामागे आले आणि थांबले. "हितं लई हाय." त्यांनी पंजा भिंतीवर टेकवला.

त्या भिंतीच्या पलीकडे जिना आहे. मी बाहेरून वळसा घालून गेले. जिन्याखाली, बरोबर त्याच जागी, इन्व्हर्टर होता. लाइट जायला लागली म्हणून फेब्रुवारीत आम्हीच तो तिथे बसवून घेतला होता. मी त्याचं बटण बंद केलं.

"ग्येलं," आतून मामांचा आवाज आला.

चालू केलं. "आलं."

आत येऊन मी स्पीकरचा प्लग लावला, तो घुमायला लागला. बाहेर ऐकू यावं म्हणून खिडकी उघडी ठेवली आणि परत जिन्याखाली जाऊन इन्व्हर्टर बंद केला. स्पीकर गप झाला, आणि त्याच क्षणी मामा म्हणाले, "ग्येलं."

मग मी त्यांच्याकडे हात पसरला. मागावरच्या माणसांची बोली अर्धी हातांचीच असते, त्यामुळे त्यांना लगेच समजलं. त्यांनी मशीन काढून दिलं. ओढणीने पुसून मी ते माझ्या कानाला लावलं आणि दुसरा कान बोटाने दाबून धरला.

रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाज गेला, शेजारच्या कुकरचा गेला. उरली एकच खोल, सलग घरघर. फ्रिजजवळ गेले तर ती जाड झाली. दाराजवळच्या बोर्डापाशी कान नेला, तिथून ती भिंतीतून सरळ वर चढत होती. स्टुलावर चढले. छताखाली ती वळली आणि पंख्याकडे गेली. वीतभर बाजूला सरकलं की बारीक व्हायची, परत आलं की होतीच. गिलाव्याच्या आतली, मी कधीही न पाहिलेली वायर मी कानाने चाचपत होते. याच भिंतींमध्ये मी इतकी वर्षं राहिले, झोपले, शांत आहे म्हणून दुपारची कामं इथेच केली. स्टुलावरून उतरायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही. मामा खालून स्टूल धरून उभे होते.

इन्व्हर्टर परत चालू केला आणि स्पीकर मी समोरच्या भिंतीकडे नेले, त्यांच्या वायरीसकट. घुमणं थांबलं. ज्या म्हातारीची मुलाखत अडून राहिली होती तिचा शब्दन् शब्द ऐकू आला.

कानाच्या दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं, हे बटण टेलिफोनवर बोलण्यासाठी असतं. ते दाबलं की बाहेरचा आवाज बंद होतो आणि मशीन फोनमधलं, किंवा वीज वाहणाऱ्या कुठल्याही तारेभोवतीचं, चुंबकत्व पकडतं. "त्रास होत असेल तर बटण बंद करून देते," त्या म्हणाल्या. मी मामांना खुणेने विचारलं.

"ऱ्हाऊ द्या की," मामा म्हणाले. "त्रास कसला त्यात."

आता दुपारी ते कधीकधी गल्लीतल्या विजेच्या डीपीजवळच्या कट्ट्यावर जाऊन बसतात आणि बटण दाबून ऐकतात. परवा मी तिथे त्यांना चहा द्यायला गेले. कप हातात घेता घेता ते थबकले आणि म्हणाले, "समदं गप झालं."

मी वळून पाहिलं. समोरच्या घरातला पंखा अजून फिरत होता. मग लाइट गेल्यावर होतो तसा तो मंदावला आणि त्याची पाती हळूहळू दिसायला लागली.