सरकी न चावता

शिरपूरच्या एका जिनिंगमध्ये मी तीस-पस्तीस वर्षं कापूस पारखतो आहे. गाडी आली की आत हात खुपसायचा, मूठ दाबायची. थंड लागला तर ओला, गाडी परत. ओला माल ढिगात आतून तापतो, पिवळा पडतो. खात्री करायची तर सरकी दाताखाली धरायची. कोरडी असली की कट्‌कन फुटते. पण ते नवशिक्यांचं काम. मी कित्येक वर्षांत सरकी चावली नव्हती, आणि त्याचा मला केवढा तोरा!

आता खरं सांगतो. दोन वर्षं झाली, शुगरनं माझ्या बोटांतली जाणीव गेली आहे. चहाचा ग्लास पोळतोय हे बायको ओरडते तेव्हा कळतं. तिच्याशिवाय कुणाला माहीत नाही. मालकांना सांगायला तीनदा केबिनपर्यंत गेलो. दरवेळी ते समोरच्या पाहुण्याला म्हणायचे, “हे आमचे आबा. मशीन चुकेल, यांचा हात चुकणार नाही.” मी चहा पिऊन परत यायचो. या हाताशिवाय मला दुसरं काही येत नाही. मालाचा रंग आणि माणसाचा चेहरा बघून निभावून नेतो.

मागच्या हंगामात चोपड्याकडची एक बाई पिकअप भरून आली. माल पांढराशुभ्र, पण ती सारखी पदरानं घाम पुसत होती. मला वाटलं, ही काहीतरी लपवते आहे. मूठ दाबली, काहीच कळलं नाही, आणि बोलून गेलो, “वला शे. सुकाडीसन आना.”

“तुम्ही म्हंतस तं वलाच व्हई, आबा,” ती म्हणाली. गाडी वळली. मी पाठ फिरवून मुठीत राहिलेल्या तिच्या कापसातली एक सरकी तोंडात टाकली. कट्‌कन फुटली.

गाडी अजून फाटकातच होती. पण आवारात दिलेला शब्द पारखी फिरवत नाही. फिरवला की मागची प्रत्येक गाडी हुज्जत घालते. हा नियम मीच सगळ्यांना शिकवलेला. स्वतःची लाज वाटली, तरी हाक मारली नाही.

तिसऱ्या दिवशी तोच कापूस घेऊन ती परत आली. या वेळी मी सगळ्यांदेखत सरकी चावली. “आते बेस शे,” म्हणालो.

तिचा जीव भांड्यात पडला. “मले तं त्या दिन्ले बी कोरडाच लागे, आबा,” ती म्हणाली. “पंचवीस साल कापूस येचस, पन मना हातले कळनं नही.”

आणि आपल्या तळहाताकडे बघत राहिली.