लोहाच्या बाटलीत पाणी

बाळंतपणानंतर मी इतकी पांढरी पडले होते, की मोठी जाऊ म्हणायची, चुना लावलेल्या भिंतीला टेकून बसू नकोस, सापडायची नाहीस. मीही हसायचे. हसलं की धाप लागायची, म्हणून थोडंच हसायचे.

आमचं गाव ब्राह्मणपुरी. यजमान नंदुरबारला कापसाच्या जिनात कारकून, महिन्यातून एकदा घरी. मुलगा दीड महिन्याचा झाला तेव्हा सासूबाईंनी मला जावेबरोबर छकड्यात घालून शहाद्याला डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरांनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाले, "यात रक्त कुठंय?" जणू मीच कुठेतरी ठेवून विसरले होते. मग चिठ्ठीवर लोहाचं औषध लिहून दिलं आणि निघता निघता सांगितलं, "अंगात रक्त भरेपर्यंत बाळाला पाजू नका."

जावेची मुलगी माझ्या मुलाहून दोन महिन्यांनी मोठी. जावेला दूध भरपूर. तिने परतीच्या वाटेवरच मुलाला पदराखाली घेतलं. "तुन्हा पोऱ्या मन्हापान शे, रडस नही. तू दवाई पी, निवांत ऱ्हाय." तिच्या बोलण्यात खोट नव्हती, आजही सापडत नाही. पण त्या दिवसापासून मला एकच घाई लागली: लवकर रक्त भरायचं आणि मुलगा परत घ्यायचा.

बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली. सकाळ-संध्याकाळ एकेक खूण. औषध गडद, चव जुना खिळा चोखल्यासारखी. दात काळे पडू नयेत म्हणून पपईच्या पोकळ देठाने ओढायचं. हे ऐकून घरातल्या बायका पोट धरून हसल्या, कारण मिश्रीने सगळ्यांचे दात आधीच काळे.

किंमत ऐकून मात्र कुणी हसलं नाही. "दीड रुपया? एक बाटलीना? आनि आठ दिनमा सरी जाई?" सासूबाई एवढंच बोलल्या आणि धान्य पाखडायला लागल्या. पुढे चकार शब्द नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते. त्या गप्प बसल्या, आणि मी शहाणी झाले.

आमच्या घरी ताक पुरत नाही असं कधी झालं नाही. पाहुणा आला की सून माठाकडे जाते, तांब्याभर पाणी ओतते, चिमूटभर मीठ टाकते आणि परत घुसळते. ही विद्या मला चांगली अवगत. मी रोज संध्याकाळी औषध घेतलं की बाटलीत माठातलं पाणी घालायचे, खूण जिथल्या तिथे. आठ दिवसांची बाटली महिनाभर चालवली. सासूबाईंनी दोनदा बाटली उजेडात धरून पाहिली, समाधानाने मान हलवली. मला तेव्हा कोण अभिमान!

दुपारी सगळ्या शेतात गेल्या की ओसरीवर मी एकटी. जाऊ दोन्ही मुलं बरोबर न्यायची, शेताच्या बांधावर झोळी बांधायची. रिकाम्या घरात मी गोधडीला टाके घालत बसे आणि मुलाच्या रडण्याचा आवाज आल्यासारखं वाटून उठे. उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. परत बसे. रक्त काही येत नव्हतं. दूध मात्र आटत आटत एक दिवस पुरतं गेलं.

परत शहाद्याला गेलो. डॉक्टरांनी पापणी ओढली, कपाळाला आठी घातली आणि बाटली मागितली. मी ऐटीत पुढे केली. आत फिकट लिंबूसरबत.

"बाई, हे औषध तुम्ही घेता की तुमचा माठ?"

मी सगळं खरं सांगितलं. बचत सांगताना वाटलं, ते शाबासकी देतील. शेजारी उभ्या जावेने तोंडावर पदर घेतला. मला वाटलं हसतेय. नीट पाहिलं तर तिचे डोळे भरलेले.

तिने घरी सांगितलं. सासूबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "आवो माय, मी फक्त भाव इचारना व्हता." त्या दिवसापासून नवी बाटली त्यांच्या ताब्यात. दोन्ही वेळा समोर बसून, माझा घोट घशाखाली उतरेपर्यंत उठायच्या नाहीत. एकामागून एक बाटल्या आल्या, आणि भावाचा विषय परत निघाला नाही.

चार महिन्यांत माझे ओठ लाल झाले. विहिरीवरून दोन हंडे आणायला लागले. पण मुलगा घ्यायला हात पुढे केले की तो जावेच्या खांद्यात तोंड लपवायचा. ती बिचारी त्याला माझ्या मांडीवर ठेवून मुद्दाम बाहेर निघून जायची, आणि तो असा टाहो फोडायचा की मीच तिला हाक मारायचे, "बाई, या हो, घ्या याला."

तो बोलायला लागला तेव्हा जावेला 'माय' म्हणाला. जावेची मुलं मला काकू म्हणत, त्यांचं ऐकून तोही काकू म्हणू लागला. जाऊ त्याला दटावायची, "ती तुन्ही माय शे रे!" तो तिच्याकडे पाहून हसायचा, त्याला ती थट्टा वाटायची.

पहिल्यांदा त्याने दारातून "काकू" अशी हाक मारली, तेव्हा मी भाकरी थापत होते. हातातली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हटलं, "ओ, काय हवं रे राजा?"

त्याला गूळ हवा होता. मी मोठा खडा दिला. तो घेऊन तो मायला दाखवायला पळाला.