गाडी अकोटला, चाबी अमरावतीला

या ब्लॉगवर येणारे निम्मे लोक मला चिखलदऱ्याचंच विचारतात. धुकं कधी असतं, कॉफी कुठे मिळते, घाटात गाडी गरम होते का. यावेळी चिखलदरा नाही. यावेळी अमरावती, अकोला, अकोट आणि अंजनगावमार्गे परत. दोन दिवस, आणि बघायला काय, तर एक गंजलेली फियाट. ज्यांना देखावे हवेत त्यांनी इथूनच मागे फिरावं, मी रागावणार नाही.

झालं असं की गेल्या महिन्यात अकोटहून माझ्या चुलतभावाचा, दिनेशचा, फोन आला. एकोणीस वर्षांतला तिसरा. पहिले दोन मयतीचे होते, एक आजीच्या आणि एक त्याच्या वडिलांच्या.

"ताई, कोठा पाडून राहिलो. दिवाळीच्या आत तुमची गाडी घेऊन जाय, नाई तं भंगारवाल्याले देतो."

"आमची कशी? तुमच्या कोठ्यात आहे."

"चाबी तुमच्याजवळ हाय नं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. माझे वडील अमरावतीला वकिली करायचे, धाकटे काका, म्हणजे दिनेशचे वडील, अकोटला शेती बघायचे. आजोबा गेल्यावर वाटणी झाली. वावरं वाटली, घर वाटलं, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्यासुद्धा वाटल्या. राहिली आजोबांची राखाडी फियाट. ती मधून कापता येत नाही, आणि पैसे घेऊन सोडून द्यायला दोघांपैकी एकही तयार नाही. मग नात्यातल्या पंचांनी डोकं चालवलं. गाडी धाकट्याच्या गुरांच्या कोठ्यात, चाबी आणि कागद थोरल्याच्या कपाटात. दोघांचं एकमत होईल त्या दिवशी गाडी निघेल. दोघांनी पंचांसमोर शब्द दिला, पंच चहा पिऊन गेले, आणि गाडी त्या जागेवरून एक इंच हलली नाही. आमच्याकडची माणसं शब्दाला फार पक्की. त्या पक्केपणाचं काय करायचं ते मात्र कुणाला सुचत नाही.

कुलूपवाला बोलावून दुसरी चाबी करता आली असती, हे मलाही कळतं. काकांनी ती केली नाही.

मला ती गाडी हवी होती. मी तिच्यावरच गाडी शिकले, अकोटच्या एका जिनिंगच्या आवारात, कापसाचे ढीग चुकवत, काका शेजारी बसून ओरडत असताना. गाडी वाचण्यासारखी असेल तर दुरुस्त करायची, चालवत अमरावतीला आणायची, ब्याऐंशी वर्षांच्या बाबांना पुढच्या सीटवर बसवायचं आणि एक दिवस सगळ्यांनी मिळून अकोटला जायचं, असं माझ्या डोक्यात होतं. आणखी एक कारण होतं, ते मी निघताना कुणाला सांगितलं नाही.

बाबांनी चाबी काढून दिली. रुमालात गुंडाळलेली, चकचकीत. गाडीला एकोणीस वर्षांत कुणी थेंबभर तेल दिलं नाही. चाबीला दर दसऱ्याला शस्त्रांबरोबर तेल आणि कुंकू मिळत होतं.

"पाहून घे, बनते का," एवढंच बोलले.

शनिवारी सकाळी माझ्या गाडीने निघाले. नाश्त्याला गिला वडा, वर दही, चाळीस रुपये प्लेट. अमरावतीत येऊन हा न खाता गेलात तर तुमचं तुम्ही बघा. बडनेऱ्यापासून पुढे चौपदरी रस्ता आहे आणि खरंच चांगला आहे. फक्त ऑक्टोबरात सांभाळून चालवा, कारण कडेच्या पट्ट्यावर सोयाबीन वाळत घातलेलं असतं आणि ते कुणी हलवणार नाही, तुम्हीच हलायचं. मूर्तिजापूरला चहा घेतला तरी दोन तासांत अकोला येतं. अकोल्यात ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर बसतं. बसस्टँडजवळ हजार रुपयांत लॉज मिळाला, चादर स्वच्छ होती, पंख्याचा आवाज मोठा आणि वारा कमी.

अकोल्यात थांबायचं कारण हमीदचाचा. जुन्या गाड्यांचं पत्राकाम करणारे, सत्तरी ओलांडलेले डेंटर. त्यांच्या शेडमध्ये गेले तेव्हा ते एका जीपच्या दारावर हातोडीचे हलके ठोके मारत होते. मी फोनवर सगळं सांगितलं होतं, तरी त्यांनी पुन्हा विचारलं, "उभी कशावर हाय? फरशी का माती?"

"माती."

"अन् झाकून ठेवली का उघडी?"

"काकांनी कव्हर शिवलं होतं म्हणे."

"चांगलं केलं मग," ते म्हणाले. मला त्या एका वाक्याने रात्री जेवण गोड लागलं, मी एवढी बावळट.

रविवारी सकाळी चाचांना घेऊन अकोटचा रस्ता धरला. पाऊण-एक तासाचं अंतर, दोन्हीकडे काळी जमीन, कपाशी फुटायला लागलेली, मध्ये पूर्णा नदी. मी गाडीच्या गोष्टी सांगत सुटले होते. चाचा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ताई, लोक मले गाडी पायाले नेते, पण त्यांचं ठरेलच असते. फक्त माह्या तोंडून हो ऐकाचं असते. तुमचं तसं तं नाई नं?"

मी म्हटलं, नाही. खोटं बोलले.

दिनेश फाटकातच उभा होता. पंचेचाळिशीला टेकलाय, काकांसारखाच दिसायला लागलाय. या बसा झालं, पाणी झालं. काकू स्वयंपाकघरातून आल्या, माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तुह्या बापासारखीच सुकली तू." त्यात माया किती आणि टोमणा किती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

कोठ्यात गाडी होती. वर कव्हर होतं. युरियाची रिकामी पोती उसवून, एकाला एक जोडून, दाभणाने सुतळीची टीप मारलेलं. चाकांच्या जागी पोटऱ्यांसारखा घेर ठेवलेला, आरशासाठी वेगळी टोपी. एवढ्या निगुतीने शिवलेलं काम मी कुणा शिंप्याकडे पाहिलेलं नाही. आत दुसरा थर, त्याच्या आत तिसरा.

चाचांनी पोत्याची आतली बाजू बोटाने घासली, बोट जिभेला लावलं आणि थुंकले.

"हे धुतलं नवतं का?"

"झटकून घेतलं असंन," दिनेश म्हणाला. "काहून?"

"खत पाणी ओढते, भाऊ. हवेतलं बी ओढते. अन् मग लोखंड खाते. उघडी ठेवली असती तं बरी रायली असती."

दिनेशने कव्हरचं टोक हातातून खाली सोडलं.

मग तपासणी. जुनी गाडी घ्यायचा विचार करणाऱ्यांनी हे नीट वाचा, कारण रंग आणि इंजिन बघून भुलणारे खूप. चाचांनी इंजिनाकडे बघितलंही नाही. जाम झालेलं इंजिन उघडता येतं, म्हणाले. त्यांनी एक लांब पेचकस काढला आणि दाराखालच्या पट्टीत टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला. चाकामागे टोचला, तिथेही गेला. मग जॅक लावला. गाडी उचलली गेली नाही, जॅकच आत घुसला आणि तांबडा भुगा खाली पडत राहिला.

"ह्या गाडीले वेगळी चेसी नसते," ते मला म्हणाले. "पत्रा हाच तिचा सांगाडा. वरून ठीक दिसते, पण उचलली तं मधातून मोडंन."

डाव्या दाराची काच चार बोटं खाली होती. तिथून आत बघितलं. सीटच्या स्प्रिंगा उघड्या, तळ जवळजवळ नाहीच, खालची माती दिसत होती. सगळ्यात वाईट ती डावी बाजूच होती. चाबी मी लावली, ती फिरली नाही. दिनेशने दाराला जरा ओढ दिली तर बिजागरी दारासकट हातात आली. तो दार धरून उभा राहिला, कुठे ठेवावं ते त्याला कळेना.

"बनते का?" मी विचारलं. बाबांचेच शब्द.

"बनते. तळ नवा, पट्ट्या नव्या, दारं दुसऱ्या गाडीची. वर्षभर लागंन. पण मंग ते तुमच्या आजोबांची नाई राहत. नंबर तेवढा जुना."

मी तरीही करा म्हणणार होते. तोंडात शब्द आला होता. तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या काकू त्या काचेकडे बघून म्हणाल्या, "वाटणी झाली त्या सालच्या आषाढात पाणी आत जायले लागलं. तुह्या काकानं फोन केलता तुमच्या घरी. म्हणे एक दिवस चाबी धाडा, काच वर करतो अन् वापस देतो. रोज फोनची वाट पायत बसे. आला नाई, तं मंग पोते शिवाले बसला."

तो फोन मी उचलला होता.

हेच ते दुसरं कारण. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते. वाटणीत काका बाबांना भर पंचांत म्हणाले होते की तू शहरात बसून आयतं खाल्लं, आणि ते मी दारामागून ऐकलं होतं. फोनवर काका म्हणाले, "पोरी, बाबाले सांगजो बरं." मी म्हटलं, सांगते. आणि नाही सांगितलं. विसरले नव्हते. पाऊस जोरात आला की मला ती काच आठवायची आणि बरं वाटायचं. असं पहिली दोन वर्षं. नंतर बरं वाटायचं थांबलं, पण तोवर सांगायची वेळ गेली होती.

काकूंना कुणी फोन उचलला ते माहीत नव्हतं. त्या कोठ्यात उभी राहून मला सांगता आलं असतं. नाही सांगितलं, याही वेळी नाही.

मी फक्त दिनेशला म्हटलं, "दे भंगारवाल्याला."

कुणासाठी दुरुस्त करायची होती? काका गेलेत. मी एकटीच उरत होते, मला बरं वाटावं म्हणून वर्षभर पत्रा ठोकून घ्यायचा, तोही दुसऱ्या गाडीचा. चाचांनी माझ्याकडे बघून मान हलवली, हत्यारं पिशवीत भरली आणि दुपारच्या एसटीने अकोल्याला गेले. काकूंनी वरण-बट्टी केली होती, तूप भरपूर घातलं होतं. मी दोन बट्ट्या खाल्ल्या. लाज वाटत असली तरी भूक लागते.

परतीला अंजनगाव, परतवाडा असा रस्ता घेतला. अंजनगावचे पानमळे प्रसिद्ध आहेत, थांबायला हरकत नाही. मी थांबले नाही. परतवाड्यापर्यंत रस्त्याला खड्डे आहेत, तासभर जास्त धरा. उजेड असतानाच अमरावतीत पोचले.

बाबा ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. "काय म्हणाला मिस्तरी?"

मी सगळं सांगितलं. पेचकस, जॅक, पोती. पोत्यांचं ऐकून त्यांनी चष्मा काढला. "त्यानं स्वतः शिवलं?" असं दोनदा विचारलं. मग मी फोनचंही सांगितलं. कुठे बघून सांगावं कळत नव्हतं, म्हणून त्यांच्या चपलांकडे बघून सांगितलं. म्हटलं, मी निरोप दिला असता तर काच वर झाली असती. गाडी वाचली असती. कदाचित तुम्ही दोघं बोललाही असता.

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी शाळेत नापास झाले होते तेव्हा ठेवला होता, तसाच.

"मनाले लावून नको घेऊ," ते म्हणाले. "तू सांगतलं असतं, तरी मी देली नसती."

माझी समजूत काढत होते ते.