वादळ मामाच्या पाठोपाठ आलं

माझा मामा कोकणात, समुद्राच्या अगदी कडेला, उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, एकटा राहतो. एसटी जिथे संपते तिथून पुढे पाऊण तास चालायचं. तिथे वारा बारा महिने सुटलेला असतो. कौलांवर दगड ठेवलेले, आणि मामाचं बोलणं कायम ओरडून, कारण हळू बोललेलं ऐकूच येत नाही.

त्या वर्षी वादळाचा इशारा आला. टीव्हीवरच्या नकाशात वादळाचा गोल मामाच्या गावाकडेच सरकत होता. आईने मुंबईतल्या डिलाईल रोडच्या आमच्या चाळीतून त्याला फोन लावला. "दादा, आत्ताच्या आत्ता गाडी पकड. नाय इलंस तर मीच येतंय थंय."

या धमकीला घाबरून मामा दुसऱ्या दिवशी सकाळी हजर झाला. हातात कपड्यांची पिशवी, खांद्यावर सुंभाच्या दोरीचं भलंमोठं वेटोळं.

"मामा, दोरी कशाला आणलीस?"

"वादळ येतला मां!" तो इतक्या जोरात म्हणाला की खालच्या मजल्यावरचे दोघे भांडण लागलं समजून वर आले.

चहा पिऊन मामा कामाला लागला. गॅलरीतली पाण्याची पिंपं, तुळशीची कुंडी, डिशची छत्री, सगळं त्याने बांधलं. मग खाली उतरून चाळीच्या सेक्रेटरीची स्कूटर लोखंडी खांबाला बांधली. सेक्रेटरी हसायला लागले. "मामा, ही मुंबई आहे. इथे वादळं येत नाहीत, नुसत्या बातम्या येतात."

दुपारी टीव्हीवरचा गोल वळला. मामाचं गाव त्याने बाजूला टाकलं आणि सरळ आमच्याकडे निघाला. "माझ्या पाठोपाठ इला," मामा म्हणाला. त्या दिवसात पहिल्यांदाच हळू बोलला.

तीनच्या सुमाराला वारा आला. शेजारच्या काकूंची छपरावरची निळी ताडपत्री उडाली, चौकावरून तरंगत गेली आणि समोरच्या चाळीच्या दोन खिडक्यांवर जाऊन बसली. आतल्या लोकांनी दिवे लावले. मग आमच्या गॅलरीत रांग लागली. "मामा, दोरी उरलीय का हो?"

मामाने लुंगी खोचली आणि शिडी लावून तो छपरावर चढला. मी शिडी धरली होती. वरचा पत्रा थडाथडा आपटत होता, पाऊस तोंडावर मारत होता. मला मामाच्या फक्त टाचा दिसत होत्या. आई खालून किंचाळली, "दादा, खाली ये! तुका जीव वाचवूक बोलावलंय, हयसर मरूक नाय!"

पत्रा बांधूनच तो उतरला. आईने टॉवेलने त्याचं डोकं पुसलं, म्हणजे खरंतर रगडलं. रडतही होती आणि शिव्याही देत होती. साठी उलटलेला मामा मान खाली घालून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं, तर काकूंची ताडपत्री सोडून आमच्या चाळीचं काहीच गेलं नव्हतं. फक्त भिजून गाठी इतक्या आवळल्या होत्या की एकही सुटेना. सेक्रेटरी ऑफिसला निघालेले, हातात सुरी.

"कापूक देवचंय नाय!" मामा वरून गरजला. "सुकांदे. दोन दिस."

सेक्रेटरी दोन दिवस बसने गेले. घरात आम्हीही तांब्याने पाणी काढत होतो, कारण पिंपाचं झाकण अर्धंच सरकत होतं. तिसऱ्या दिवशी मामाने एकेक गाठ शांतपणे सोडवली आणि दोरी गुंडाळली.

मग त्याने गावी शेजाऱ्याला फोन केला. थंय काय झाला? काही नाही. एक फणस पडला, तोही पिकलेला.

मामाची पंचाईत तो गावी परतल्यावर सुरू झाली. सड्यावर राहणारा माणूस मुंबईला पळाला आणि वादळात तिथे सापडला, हे गावात कोणाला पटेना. अजूनही पटलेलं नाही. चहाच्या टपरीवर विषय निघाला की मामा आईला फोन लावतो, स्पीकर चालू करतो आणि म्हणतो, "सांग गो ह्यांका, मी पत्र्यार चढलंय होतंय की नाय?"

आई सांगते. दर वेळी पत्र्याची उंची थोडी वाढवून सांगते.