उभी कोठी मावेल अशी गाडी

जुनी गाडी बघायला जाताना लोक मेकॅनिकला सोबत नेतात. आम्हीही नेला होता, आमच्याच पाऱ्यातला, म्हणजे मोहल्ल्यातला. तो अजून बॉनेट उघडत होता, तेवढ्यात सासूबाईंनी पर्समधून सुतळी काढली आणि गाडीच्या मालकाला म्हणाल्या, "भैया, पहले डिक्की खोलो."

मालक म्हणजे रायपूरच्या पंडरी बाजारातल्या एका होलसेल कापडवाल्याचा मुलगा. त्याला लग्नात याहून मोठी गाडी मिळणार होती, म्हणून ही काढायची होती. गाडी तशी आटोपशीर, पण उंच बांध्याची, छोटी एसयूव्ही म्हणतात तशी, आणि त्यानं तिला नवरीसारखं नटवलं होतं. रुंद टायर, लालभडक सीटा, आत छताला जाड मखमलीचं अस्तर आणि त्या अस्तरात चांदण्यांसारखे बारके दिवे. डिक्कीत तर जागाच नव्हती. तिथं एक भलामोठा स्पीकरचा खोका ठोकून बसवला होता. सासूबाईंनी खोका बघितला आणि मग माझ्याकडे असं बघितलं, जसा काही तो मीच आणून ठेवला होता.

सुतळीचं आधी सांगायला हवं. आमच्या सासरच्या महालक्ष्म्या वर्ध्याला असतात, सासूबाईंच्या थोरल्या जाऊबाईंकडे. गणपतीपाठोपाठ येणाऱ्या या दोघी बहिणी, थोरली आणि धाकटी, आमच्याकडे पत्र्याच्या कोठ्यांवर उभ्या करतात. कोठीत धान्य भरायचं, वर मुखवटा बसवायचा आणि साडी नेसवायची. देव थोरल्याच्या घरी, म्हणून सासूबाई लग्नाच्या पहिल्या वर्षापासून तिथं जाऊन राबल्या. सोळा भाज्या चिरल्या, पुरण वाटलं, फुलोरा तळला. साडी मात्र कायम जाऊबाईंनी नेसवली. ह्या शेजारी टाचण्या घेऊन उभ्या. पुढं सासरे अंथरुणाला खिळले, तेव्हापासून ते जाणंही सुटलं. सासरे गेल्यावर सासूबाई जमेल तेव्हा वर्ध्याला जाऊन यायच्या, पण सणाला नाही, आणि एरवी कोठ्या माळ्यावर.

आणि त्या उन्हाळ्यात जाऊबाईंचा फोन आला. गुडघे पार गेले, आता तू घेऊन जा, तुझ्या घरी बसव. सासूबाईंनी फोन ठेवला, पदरानं उगाचच टीव्ही पुसला, आणि जन्मात कधी काही मागितलं नाही त्या बाईनं मला विचारलं, "आपल्याले गाडी घेता येईन काय वो?"

कारण नियम दोन होते. एक, लक्ष्मी भाड्याच्या गाडीत येत नाही. दुसरा, कोठी आडवी करायची नाही. कोठी आडवी झाली की घर रितं होतं, असं त्यांच्या सासूनं त्यांना सांगितलं होतं. मी इथल्या नव्या राजधानीतल्या मंत्रालयात फायली सरकवणारी बाई. नियमाला पळवाट असते यावरच आमचं पोट चालतं. पण या नियमांत मला फट सापडली नाही. नवीन गाडी नोंदवली तर दिवाळीनंतर मिळणार होती आणि महालक्ष्म्या भाद्रपदात. नवरा जगदलपूरला नोकरीला. त्याला फोन केला तर म्हणाला, आई म्हणेल तशी बघ. म्हणजे नेहमीप्रमाणे घोंगडं माझ्याच गळ्यात.

कोठीची उंची किती, हे वर्ध्याला फोन करून विचारू, जाऊबाईंचा नातू, माझा पुतण्या, टेप लावून सांगेल, असं मी म्हणून बघितलं. सासूबाईंना ते मुळीच पटलं नाही. "देवीले टेप लावते काय कोणी? शिंपी आहो काय आपण?" उंची त्यांना पाठ होती. जाऊबाई निऱ्या घालत तेव्हा ह्या धाकटीच्या कोठीवर कोपर टेकवून उभ्या राहत. कोठी बरोबर कोपराला लागायची. त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या, मी सुतळीचं टोक जमिनीला दाबून धरलं, त्यांनी कोपरापाशी गाठ मारली. झालं माप.

त्या काळात त्यांचं उंचीवरून सगळ्या जगाशी भांडण चाललं होतं. आमचं घर नवीन बांधलेलं, आणि स्वयंपाकघरातला ओटा त्यांच्या मते मेल्या गवंड्यानं उंच करून ठेवला होता. पोळी लाटताना खांदे भरून यायचे आणि गवंड्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. मी एकदा ओट्यापाशी पाट ठेवला तर त्यांनी तो पायानं सरकवला. "मी काय लहान पोट्टी आहो?" साड्यांचा पन्हा गिरण्यांनी वाढवला होता, कारण निऱ्या पायात यायला लागल्या होत्या. बसच्या पायऱ्या, सदर बाजारातल्या दुकानांचे उंबरे, सगळंच वर गेलं होतं. "राजधानी झाली म्हणून काय सगळंच उंच करून राहिले हे लोक?" मला हसू यायचं. मी ते ऑफिसातही सांगितलं, तिथंही सगळे हसले.

तर पंडरी. कापडवाल्याच्या मुलानं दोन माणसं लावून तो खोका काढला. मागची सीट पाडली. बॅग, सिलिंडर, सायकल, सब आ जाता है आंटीजी, असं त्याचं चालू होतं. सासूबाईंचं तिकडं लक्षच नव्हतं. त्यांनी मला आत चढायला लावलं, मी गुडघ्यावर बसून सुतळीचं टोक छताच्या मखमलीला टेकवलं, त्यांनी खाली गाठ धरली. गाठ तळाला टेकली नाही. खाली दोन बोटं जागा राहिली.

"उभी मावते," त्या म्हणाल्या.

मेकॅनिक इंजिनातून डोकं वर काढून काही सांगायला लागला होता. मी विचारलं, ठीक आहे ना? तो म्हणाला, हव. सासूबाई तोवर डिक्कीत कुंकवाचं बोट लावून मोकळ्या झाल्या होत्या. लाल सीटांची, चांदण्यांच्या छताची ती गाडी घेऊन आम्ही घरी आलो तेव्हा माझी मुलगी पोट धरून हसली. "दादी, ये तो बारात की गाड़ी है." सासूबाई म्हणाल्या, आहेच, दोघी दोघी येणार आहेत.

महालक्ष्म्यांच्या आधीच्या रविवारी मी आणि सासूबाई पहाटे वर्ध्याला निघालो. मागची सीट पाडून त्यावर त्यांनी जुन्या साड्यांच्या गोधड्या अंथरल्या होत्या, कोठ्यांना धक्का लागू नये म्हणून. त्या पुढं बसल्या होत्या, मांडीवर खण आणि हळदकुंकवाची पिशवी. वाटेत सारा वेळ त्या बोलत होत्या. थोरलीला हिरवी नेसवायची की जांभळी, आंबील कशात करायची, शेजारच्या छत्तीसगढी बायकांना बोलवायचं की नाही. इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मला फार बरं वाटत होतं, आणि गाडीही वेळेवर घेतली याची घमेंड होती.

पुतण्यानं माळ्यावरून कोठ्या काढून अंगणात उभ्या करून ठेवल्या होत्या. जाऊबाई खुर्चीत बसून होत्या. सासूबाईंनी दोन्ही कोठ्यांना हळदकुंकू लावलं, खण वाहिले, नमस्कार केला. मग सवयीनं धाकटीच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि कोपर टेकवायला गेल्या.

कोपर पत्र्यावर आपटलं. काठाच्या खाली.

त्यांनी पुन्हा टेकवून बघितलं. कोपर काठावर न्यायचं तर खांदा कानाशी जात होता. काठ त्यांच्या दंडावर येत होता. त्यांनी पिशवीतून सुतळी काढली आणि कोठीला लावली. गाठ चांगली चार बोटं खाली राहिली. मी तिथंच उभी होते, आणि तेव्हा मला त्यांच्या पाठीचा बाक दिसला. रोज दिसत होता, पण तेव्हा दिसला.

"कोठ्या बदलल्या काय?" त्यांनी जाऊबाईंना विचारलं.

जाऊबाई म्हणाल्या, "अवं, त्याच आहेत. तो पोचा पाह्य ना, तूच पाडला होता."

सासूबाईंनी तो पोचा बोटानं चाचपला. ओट्याला नावं ठेवता येत होती, साडीला येत होती, राजधानीलाही येत होती. कोठीला काय म्हणणार? ती त्यांच्या सासूच्या सासूपासून तेवढीच होती.

मी मात्र अजून गाडीतच अडकले होते. पुतण्याला म्हटलं, उचल, बघू तर खरं. पोरानं कोठी डिक्कीशी नेली. छताला अडली. मी म्हटलं, हे मखमल फाड. त्यानं एक कोपरा ओढून काढला, आत पत्रा लागला, बोटभर जागा वाढली, तरी कोठी अडलीच. सीटांच्या मधे पायाशी ठेवावी तर तिचा घेर मावेना. सीटवर ठेवावी तर वर टेकायची. तिरपी करून बघू, असं कोणीच म्हणालं नाही, पण सगळ्यांच्या मनात तेच होतं. शेवटी पुतण्या म्हणाला, मित्राचा टेम्पो आणतो, त्याला पैसे नाही द्यायचे, म्हणजे भाड्याचा नाही झाला. ही पळवाट चांगली होती. माझ्या डोक्यात का आली नाही याचा मला रागच आला. मी सासूबाईंकडे धावले.

त्या कोठीपाशीच होत्या. हात वर करून बघत होत्या. चौरंग, त्यावर कोठी, त्यावर मुखवटा, एवढी उंची मनाशी धरून त्यांनी हात नेला होता आणि तो मधेच थांबला होता. खांदा त्यापुढं जात नव्हता. मी टेम्पोचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"कपाळाले कुंकू लावाले हात पुरला पाहिजे," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, मी आहे ना आई, मी नेसवते, तुम्ही बसून सांगा. बोलताबोलताच मला कळलं की मी त्यांना काय सांगते आहे. टाचण्या धरून उभं राहायचं, तेही आता बसून.

"तू नेसवशीन. मले माहीत आहे," त्या म्हणाल्या. अगदी मायेनं म्हणाल्या.

तरी माझं तोंड बंद होईना. यंदा नाही तर नाही, पुढच्या वर्षी मोठी गाडी घेऊ, असं काहीतरी मी बोलले.

"पुढच्या वर्षी कोठी आणखी उंच होईन वो," त्या म्हणाल्या.

जाऊबाई म्हणाल्या, राहू दे यंदा इथंच, सून करेल, तू ये सणाला. सासूबाईंनी मान हलवली. येईन की, म्हणाल्या, भाज्या चिराले. मग पुतण्यानं कोठ्या उचलून आत नेल्या, उभ्याच.

जेवून निघालो. सासूबाई पुढं बसल्या नाहीत. पाठ दुखते म्हणाल्या आणि मागं गोधड्यांवर चढल्या. साकोलीच्या पुढं अंधारायला लागलं. दिवे लावायला गेले तर माझा हात चुकीच्या बटणावर पडला आणि छतातल्या त्या चांदण्या लागल्या, फाटलेला कोपरा लोंबत होता तेवढा सोडून. मी आरशात पाहिलं. त्या उताण्या पडून छताकडे बघत होत्या. एका टोकाला डोकं, दुसऱ्या टोकाला पाय, आणि पायांपुढं अजून जागा उरली होती.

"पाय लांब होतात इथं," त्या म्हणाल्या. "चांगली जागा आहे."

मला रडू आवरेना आणि पुढं ट्रकांची रांग होती. मी चांदण्या बंद केल्या नाहीत. रायपूर येईपर्यंत त्या तशाच लागलेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरायला स्वयंपाकघरात गेले तर त्या माझ्याआधी उठलेल्या. कणीक मळून तयार होती, पोळपाट ओट्यावर, आणि त्या मधोमध नुसत्याच उभ्या.

"पाट कुठं ठेवला वो तू?" त्यांनी विचारलं.

पाट मी वॉशिंग मशीनखाली सारला होता. तो काढला, पुसला आणि ओट्यापाशी ठेवला. माझ्या खांद्याला धरून त्या वर चढल्या, एक पाय, मग दुसरा. पहिली पोळी लाटली, तव्यावर टाकली.

"गवंड्यानं ओटा बरोबरच केला होता," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या पोळीसाठी गोळा घेतला.