खैऱ्याला आवतण

छताला दिवे सहा, पडदे तीन, हिरव्या कपड्यांतली माणसं पाच आणि उजव्या मांडीत टोचलेली नळी एक. अनसूयाबाई मोजताहेत, कारण डॉक्टर मुजावर म्हणालेत, मोजत राहा, गुंगी येईल. छाती उघडायची नाही. मांडीतल्या रक्तवाहिनीतून नळी हृदयापर्यंत जाणार आणि दगडासारख्या कडक झालेल्या जुन्या झडपेच्या आत नवी उघडणार. ही नवी झडप गुरांच्या हृदयाभोवतीच्या पातळ पडद्यापासून केलेली आहे.

संमतीपत्रावर सही त्यांनी तिसऱ्या खेपेला केली, पण मन अजून तयार नाही. ‘थांबा’ म्हटलं तर डॉक्टर अजूनही थांबतील. शब्द ओठांवर आहे.

सहावा दिवा विझतो.

पाचवा माणूस तोंडावरचा मास्क काढतो. ते आबा आहेत, चाळीस वर्षांपूर्वी गेलेले त्यांचे वडील. हातात हळद आणि तुपाची वाटी. उजव्या हाताला अंगठा धरून बोटं चारच. करंगळी कडबा तोडताना गेली होती.

“अनसे, किती वाळलीस गं. सासरी जेवाय घालत न्हाईत व्हय?”

“आबा, मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे.”

“मग आता तरी खाईत जा.”

टेबलाखाली शेणानं सारवलेली जमीन आहे. पडद्यामागं त्यांचा तांबडा बैल खैऱ्या रवंथ करतोय. पोळ्याची आदली सांज आहे आणि आबा त्याचा खांदा हळदतुपानं मळताहेत.

“आबा, माझ्या काळजात गुराचा तुकडा बसवताहेत. ज्याच्या आपण पाया पडतो त्याचा. त्याला कुणी विचारलं?”

आबांचा हात थांबत नाही. “आपल्या हिरीवरची मोट कशाची व्हती?”

“कातड्याची.”

“कुणाच्या?”

“हरण्या बैलाच्या. तो म्हातारा होऊन मेला, त्यानंतर केलेली.”

“आन् पाटात ओंजळ घालून पाणी कोण प्यायचं?”

“मी.”

“तवा इचारलंस?”

“लहान होते मी.”

“आता मोठी हाईस. इचार की.”

अनसूयाबाई खैऱ्याच्या कपाळावर हात ठेवतात. कपाळ ऊन आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाला म्हणतात तेच त्या म्हणतात.

“आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.”

खैऱ्या मान खाली घालतो.

“आजी, आता जरा धडधडेल. हलू नका,” कुठून तरी डॉक्टर सांगतात.

विहिरीच्या धावेवर खैऱ्या उतरणीला पळत सुटतो. खूर छातीत वाजतात. चाक करकरतं, मोट काठाशी येते, लोंबकळते. सगळं थांबतं. ‘थांबा’ हा शब्द त्यांना शोधूनही सापडत नाही.

मग पाणी पाटात पडतं.

“खांदा इकडं कर,” वाटीतलं उरलेलं बोटांनी निपटत आबा म्हणतात. “तुलाबी अजून वढायचंय.”

“आजी, डोळे उघडा. झालं.”

दिवे सहा आहेत. डॉक्टर मुजावर मॉनिटरवरचे आकडे वाचून सांगतात. झडपेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक सकाळी एकसष्ट होता, आता सात.

पांघरूण वर ओढताना सिस्टरचा हात थबकतो. “हे पिवळं कुणी लावलं? औषध तर मांडीला लावलंय, तेही तपकिरी.”

ती कापसानं पुसून वास घेते. हळद. मग वाकून बघते.

डाव्या खांद्यावर बोटांचे ठसे, अंगठा धरून चार.