सुभेदार ढोके यांचे ब्रेक

नायब सुभेदार बळीराम ढोके फौजेतून निवृत्त होऊन जबलपुरात राहायला आले, तेव्हा ग्वारीघाट रस्त्यावरच्या त्यांच्या कॉलनीला मनापासून आनंद झाला. कॉलनीत निवृत्त मास्तर होते, निवृत्त बाबू होते, फौजी मात्र एकही नव्हता, आणि पंधरा ऑगस्टला झेंडा कोणी फडकवायचा यावरून दरवर्षी दोन-तीन घरांत अबोला होत असे. बळीरामजी आले आणि तो प्रश्न मिटला.

फौजेत ते गाड्या दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपात होते. कॉलनीतल्या कोणाचीही गाडी ते हौसेने बघून देत. त्यातही ब्रेकचं त्यांना वेड. हॉर्न वाजत नाही म्हणून कोणी स्कूटर आणली तरी ते आधी ब्रेक उघडत, पुसून परत बसवत, तीनदा दाबून बघत आणि स्वतः एक चक्कर मारल्याशिवाय गाडी मालकाच्या हाती देत नसत. कॉलनीचे सचिव अच्युतराव गर्दे सिविल लाइंसमधल्या सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले होते. फायलीशिवाय कशावरही त्यांचा विश्वास नसे, पण याला शिस्त म्हणतात असं त्यांनीही मान्य केलं होतं.

बळीरामजींच्या स्वतःच्या स्कूटरला मात्र ब्रेक नव्हते. मागचा झिजून गेला होता आणि पुढचा त्यांनी आपल्या हाताने काढून ठेवला होता. थांबायचं झालं की ते पाय घासत थांबत. हेल्मेट नाही. बीपीच्या गोळ्या खिशात असत, पोटात जात नसत. एकदा नर्मदेला पूर असताना नावाडी नको नको म्हणत होते, तरी ते ग्वारीघाटावरून पाण्यात उतरले आणि अर्ध्या तासाने खूप खाली कुठेतरी निघाले. कॉलनीने त्यांना शाल दिली. अच्युतरावांनी भाषणात ‘निधड्या छातीचा’ हा शब्द चारदा वापरला. बळीरामजी मान खाली घालून उभे होते, त्याला विनय समजलं गेलं.

त्यांच्या बायकोला, बेबीताईंना, तो विनय वाटला नाही. सहा वर्षांपूर्वी नवरा सुट्टीवर आला तो बदलूनच आला होता, एवढं त्यांना ठाऊक होतं. कुकरची शिट्टी झाली की तो अंगणात जाऊन उभा राहायचा. पण विचारायला गेलं तर लोक म्हणत, फौजी माणूस आहे, असायचंच. या एका वाक्याने सगळ्या कॉलनीची सोय झाली होती.

जानेवारीत रस्ता सुरक्षा सप्ताह आला. अच्युतरावांनी ठरवलं की ब्रेकची इतकी काळजी घेणाऱ्या माणसाखेरीज दुसरा प्रमुख पाहुणा शोभणार नाही. उताराच्या पायथ्याशी मांडव पडला आणि बळीरामजींचा हातभर उंचीचा चेहरा असलेला फ्लेक्स लागला. हेल्मेट घातलेला त्यांचा एकही फोटो घरात सापडला नाही, म्हणून फ्लेक्सवाल्याने कॉम्प्युटरवर एक हेल्मेट त्यांच्या डोक्यावर बसवून दिलं. ते जरा तिरकं बसलं होतं.

पाहुणे सव्वाअकराला उतारावरून आले. सनईची कॅसेट सुरू झाली, अच्युतराव हार घेऊन पुढे झाले आणि लगेच मागे झाले. स्कूटर मांडवात शिरली, फ्लेक्स फाडून पलीकडे गेली आणि पाण्याच्या टाकीला धडकून पडली. दुसऱ्या कोणाला खरचटलंही नाही. बळीरामजींची दोन हाडं मोडली. सत्कार आटोपशीर घेण्यात आला, म्हणजे शाल दवाखान्यात पोचवण्यात आली.

चार दिवस माणसांची रीघ लागली होती. एकाने अश्वगंधा सांगितली, दुसऱ्याने पहाटेचं फिरणं, तिसऱ्याने मुलीचं लग्न लवकर उरका म्हणून सांगितलं. अच्युतरावांनी नजर लागल्याचं निदान केलं आणि फ्लेक्स नवा करावा लागेल हेही जाता जाता सुचवलं. स्कूटरला ब्रेक का नव्हते, हे एकानेही विचारलं नाही. फौजीला असं विचारणं त्यांना बरं दिसलं नसतं.

ते बेबीताईंनी विचारलं. दुपारी, संत्रं सोलता सोलता.

“काहून लावत नाही तुम्ही ब्रेक?”

बळीरामजी छताकडे बघत बोलले. डोंगरातल्या एका पोस्टिंगवर त्यांनी एक गाडी तपासून पास केली होती. ब्रेक त्यांच्या सहीने ठीक होते. दोन तासांनी ती गाडी दरीत गेली. आत सहा जवान होते. चौकशी झाली. रस्ता खचला, गाडीत दोष नव्हता, असा कागद त्यांना मिळाला. तो त्यांनी पेटीत जपून ठेवला होता, आणि त्यातल्या एकाही अक्षरावर त्यांचा विश्वास नव्हता.

“ते सहा जण ब्रेक दाबून राहिले असतील,” ते म्हणाले. “मी कोणत्या तोंडाने दाबू?”

बेबीताईंनी सोललेलं संत्रं तसंच ताटलीत ठेवलं. आठ दिवसांनी त्या त्यांना घेऊन मनाच्या डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टर अवंतिका वयाने त्यांच्या मुलीएवढी, घरची मराठी, पण बोलता बोलता हिंदीत जाणारी. तिने दरीबद्दल फार विचारलं नाही. स्कूटर, पूर, खिशातल्या गोळ्या, सगळं एका ओळीत लिहून घेतलं आणि विचारलं, “अंकल, सज़ा किसने दी आपको?”

“कोणीच नाही दिली.”

“म्हणून तुम्हीच देऊन राहिले ना?”

बळीरामजी रडले. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात बेबीताईंनी ते पहिल्यांदा पाहिलं.

अच्युतरावांनी कॉलनीत गुडघ्याचा इलाज चालू असल्याचं जाहीर केलं. सुभेदाराचं मन दुखतं असं सांगितलं तर समितीचं नाव खराब होईल, अशी त्यांची काळजी होती. गुडघ्याला मात्र काही झालेलं नव्हतं.

बरं होणं सरळ झालं नाही. मार्चमध्ये एकदा ते पुन्हा घाटावर जाऊन पाण्याकडे बघत बसले होते, पण त्या दिवशी तिथूनच त्यांनी घरी फोन केला. गोळ्या आता पोटात जातात. स्कूटर विकली, ते ऑटोने फिरतात आणि ड्रायव्हरच्या मागे जीव मुठीत धरून बसतात. डॉक्टर म्हणते ही चांगली खूण आहे.

दर दुसऱ्या मंगळवारी बेबीताई डॉक्टरच्या खोलीबाहेरच्या बाकावर थांबतात. तिथे आणखी तीन फौजींच्या बायका असतात. पहिल्या दिवशी सगळ्यांनीच नवऱ्याचा गुडघा सांगितला होता. आता त्या डबे आणतात. एकजण मेथीचे ठेपले फार छान करते.